काठ बघा, मग किंमत विचारा: जुने पुरुषी कपडे ऑनलाइन घेणाऱ्या नवख्यांसाठी

माझी पहिली फसगत आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं का लिहितोय ते कळेल.

सहा वर्षांपूर्वी इन्स्टावरच्या एका दुकानात डेनिमचं जाकीट दिसलं. ‘अमेरिकन, १९६० च्या दशकातलं, शंभर टक्के अस्सल.’ किंमत साडेचार हजार. सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीवर बसल्या बसल्या यूपीआय केलं आणि दिवाळीला ते घालून ऐटीत विट्याला गेलो. विट्यात माझ्या मामांचे यंत्रमाग आहेत. चाळीस वर्षं कापडाच्या धुळीत काढलेला माणूस. त्यांनी जाकीट माझ्या अंगावरून काढून घेतलं, उलटं केलं आणि दोन्ही हातांनी आडवं ताणलं. कापड रबरासारखं लांबलं आणि जागेवर आलं.

“आरं, ह्यात लायक्रा हाय की. कवाचं म्हनलास?”

लायक्रा हा ताणणारा धागा १९५८ साली अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला. मजुरांच्या डेनिममध्ये तो शिरायला पुढे बरीच वर्षं गेली. मग मामांनी आतल्या शिवणीतली एक बारकी पट्टी उलटून दाखवली. तिच्यावर कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता छापलेला होता! विकणाऱ्याने त्या पट्टीचा फोटो टाकला नव्हता आणि मी मागितला नव्हता.

त्या दिवशी मामांनी जे सांगितलं तेच मी आजवर धरून चाललोय. कपड्याचे साक्षीदार तीन: कापड, शिवण आणि लेबल. तिघांना वेगवेगळं उभं करून विचारायचं आणि तिघांचं साल जुळतं का बघायचं. एकजण जरी वेगळं बोलला, तरी सौदा थांबवायचा.

१. आधी जवळ काय हवं

फार काही लागत नाही. शिंप्याची मापाची टेप. एक भिंग, कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग मिळालं तर उत्तम, ते इचलकरंजीत किंवा विट्यात माग-सामानाच्या दुकानात मिळतं. नोटा तपासायची छोटी जांभळ्या उजेडाची टॉर्च. एक वही. आणि तुमच्या अंगावर उत्तम बसणारा एक शर्ट, एक पँट आणि एक कोट, ज्यांची मापं त्या वहीत लिहिलेली असतील.

कागद म्हणाल तर पैसे पाठवल्याची पावती, विकणाऱ्याशी झालेल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट आणि मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट. जाहिरात विक्रीनंतर पुष्कळदा उडवली जाते, म्हणून तो पैसे देण्याआधीच घ्या.

परदेशातून थेट मागवायचं डोक्यात असेल तर आधार किंवा पॅन लागेल, कारण कुरिअरवाले केवायसी मागतात. पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. वापरलेले कपडे आयातीच्या शीर्षक ६३०९ मध्ये येतात आणि त्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवाना लागतो. एखादं पार्सल सुखरूप येतं, एखादं कस्टममध्ये अडकतं, आणि सुटलं तरी वरून कर भरावा लागतो. देशात आधीच आलेल्या मालात शिकायला भरपूर आहे.

२. जाहिरातीची भाषा ओळखा

‘व्हिंटेज’ म्हणजे साधारण वीस वर्षांहून जुनं, असा या व्यवहारातला संकेत आहे. ‘व्हिंटेज स्टाइल’, ‘व्हिंटेज फील’, ‘व्हिंटेज इन्स्पायर्ड’ म्हणजे नवं. तो एक जादा शब्द वाचायचा राहिला की पैसे गेले.

‘डेडस्टॉक’ म्हणजे जुना पण कधीच न वापरलेला माल. हा शब्द फार स्वस्त झालाय. डेडस्टॉक म्हणणाऱ्याला मूळ कागदी टॅगचा आणि गळपट्टीच्या आतल्या बाजूचा फोटो मागा. गळपट्टीवर घामाची पिवळी रेघ असेल तर डेडस्टॉकची गोष्ट तिथेच संपली. ‘रेप्रो’ म्हणजे जुन्या नमुन्याची नवी प्रतिकृती. रेप्रो वाईट नसते, काही जपानी प्रतिकृती मूळ मालापेक्षा सरस असतात. फक्त ती मूळ म्हणून विकली जाऊ नये.

३. फोटो मागा, आणि हेच फोटो मागा

विकणारा समोरून आणि मागून असे दोन फोटो टाकतो. त्यावरून फक्त रंग कळतो, तोही नीट नाही. मी एक ठरलेला निरोप जपून ठेवलाय, तोच सगळ्यांना पाठवतो:

“दादा, एवढे फोटो मिळतील का? गळ्याचं लेबल जवळून. आतल्या शिवणीतली सगळी लेबलं, पुढून आणि मागून. चेनचं हँडल. एक बटण मागच्या बाजूने. काज आतून. काखेतलं अस्तर. पँट असेल तर मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, उलटी करून. आणि कपडा खिडकीसमोर उजेडात धरून एक.”

तो शेवटचा फोटो कसरीसाठी, म्हणजे कापड खाणाऱ्या किडीसाठी. लोकरीच्या कपड्यातली कसरीची भोकं सपाट फोटोत दिसत नाहीत, उजेडात धरलं की चाळणीसारखी चमकतात.

हे फोटो चांगला विकणारा कुरकुर न करता देतो. “भाऊ, पीस लगेच जाणार, घ्यायचा तर घ्या,” असं उत्तर आलं तर तो पीस दुसऱ्याला जाऊ द्या. मी असे डझनभर तरी जाऊ दिलेत. एकाचंही दुःख आठवत नाही.

आणखी एक. आलेला फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच फोटो एखाद्या जपानी दुकानाच्या पानावर दिसला, तर समोरच्याकडे कपडाच नाही.

४. पहिला साक्षीदार: लेबल

लेबल सगळ्यात बोलका साक्षीदार आणि सगळ्यात सहज फितवता येणारा. सुटी लेबलं विकत मिळतात. म्हणून लेबल कोणत्या दोऱ्याने आणि कसं शिवलंय ते आधी बघा. आजूबाजूचा दोरा पिवळा पडलेला आणि लेबलाचा पांढराशुभ्र, किंवा लेबलाखाली जुन्या टाक्यांची भोकं दिसत असतील, तर ते नंतर लावलंय.

आता लेबलावरून साल कसं काढायचं. याला माझ्या लेखी सर्वांत सोपी युक्ती म्हणजे भूगोल. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर १९९० पर्यंतचं. ‘यूएसएसआर’ असेल तर १९९१ पर्यंतचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९२ पर्यंतचं. देश नकाशावरून जातात, कोटाच्या आत राहतात. आपल्याकडे पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर कपडा १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचा. पण कंपनीच्या नावातलं ‘बॉम्बे’ मोजू नका, ते अनेकांनी तसंच ठेवलं. जीएसटी क्रमांक दिसला तर कपडा १ जुलै २०१७ नंतरचा. हसू नका, ‘ऐंशीच्या दशकातला सफारी’ म्हणून विकायला ठेवलेल्या एका कपड्यात मी तो पाहिलाय.

अमेरिकी कपड्यांत धुण्याच्या सूचनांची कायमची शिवलेली पट्टी १९७२ पासून सक्तीची झाली. ती पट्टी कपड्याबरोबरच शिवलेली असेल, तर ‘पन्नासच्या दशकातला’ हा दावा खोटा. उलट पट्टी नाही म्हणून कपडा जुना, असा अर्थ मात्र काढू नका. पट्टी कात्रीने कापता येते. कापल्यावर शिवणीत तिचा दोन-तीन मिलिमीटर तुकडा अडकून राहतो, तो शोधा.

‘आरएन’ आणि पुढे आकडा असेल तर तो अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक. त्यांच्या वेबसाइटवर तो फुकट शोधता येतो आणि कंपनीचं नाव निघतं. १३६७० पासून पुढचे आकडे १९५९ पासून दिले गेले. ‘डब्ल्यूपीएल’ असेल तर तो क्रमांक १९४१ ते १९५९ दरम्यान दिलेला. इथे नवखे एक चूक करतात: ते साल कंपनीच्या नोंदणीचं असतं, कपड्याचं नाही. १९५० साली नोंदलेली कंपनी तोच आकडा १९८५ मध्येही लावते. ‘याआधीचा नाही’ एवढंच त्यातून कळतं.

लोकरीच्या गुंडीसारखं वूलमार्कचं चिन्ह असेल तर कपडा १९६४ किंवा त्यानंतरचा. अमेरिकी कोटाच्या आतल्या खिशात कामगार संघटनेचं छोटं लेबल असतं, तेही बघा. पुरुषांच्या कपड्यांची जुनी संघटना, ‘अमॅल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स ऑफ अमेरिका’, १९७६ मध्ये दुसऱ्या संघटनेशी एक झाली आणि लेबलावरचं नाव बदललं; जुनं नाव असेल तर कोट साधारण त्याच्या आधीचा.

ज्यांची नावं सारखी कानावर येतात, त्या तिघांबद्दल थोडं जास्त सांगतो.

लीव्हाइस: मागच्या खिशाची लाल पट्टी १९३६ मध्ये आली. तिच्यावरचं इंग्रजी नाव १९७१ पर्यंत सगळं मोठ्या अक्षरांत होतं, त्यानंतर त्यातलं ‘ई’ अक्षर छोटं झालं. आधीच्या त्या मोठ्या अक्षरालाच ‘बिग ई’ म्हणतात आणि याच एका अक्षरावर किंमत कित्येक पटींनी उडी मारते. काही पट्ट्यांवर नाव नसतं, फक्त वर्तुळातलं ‘आर’ असतं. ती खोटी म्हणून टाकू नका, कंपनी काही पट्ट्या तशाच काढते. खरा सापळा दुसराच आहे. कंपनी स्वतःच जुन्या मॉडेलांच्या प्रतिकृती काढते आणि त्यांच्यावर ‘बिग ई’ अगदी हुबेहूब असतो. तिथे आतली धुण्याची पट्टी आणि वरच्या बटणाच्या मागचा आकडा (कारखान्याचा क्रमांक) कामाला येतो.

बार्बर: मेणकापडाची ही इंग्लिश जाकिटं लेबलावरच्या राजमुद्रांवरून, म्हणजे ब्रिटिश राजघराण्याने पुरवठादाराला दिलेल्या चिन्हांवरून, ओळखतात. पहिली मुद्रा १९७४ मध्ये मिळाली, दुसरी १९८२ मध्ये, तिसरी १९८७ मध्ये. म्हणजे जुन्या लेबलावर दोनच मुद्रा असतील तर जाकीट बहुधा १९८२ ते ८७ मधलं. एवढं सोपं गणित दुसऱ्या कुठल्या ब्रँडने दिलेलं मला माहीत नाही.

हॅरिस ट्वीड: गोलावर क्रॉस अशी खूण असलेलं लेबल. हे कापड स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर विणकरांच्या घरी हातमागावर विणलं जातं, आणि १९९३ च्या कायद्याने या नावाला संरक्षण आहे. पण ते लेबल फक्त कापडाची हमी देतं, शिलाईची नाही. कोट कुणीही, कुठेही शिवलेला असू शकतो. कापड पहिल्या दर्जाचं आणि शिलाई भिकार, असे हॅरिसचे कोट मी पाहिलेत.

५. दुसरा साक्षीदार: कापड

इथे आपण सांगली जिल्ह्यातली माणसं खरं तर पुढे असायला हवीत. जगभरचे शौकीन ‘सेल्व्हेज’ डेनिम म्हणून ज्याच्यासाठी वेडे होतात, ते म्हणजे धोट्याच्या मागावर विणलेलं कापड. धोटा आडवा धागा न तोडता इकडून तिकडे नेतो आणि परत आणतो, त्यामुळे कापडाची कड आपोआप बांधली जाते. तोच आपला काठ. नव्या बिनधोट्याच्या मागावर प्रत्येक आडवा धागा कडेला कापला जातो आणि कडेला झालर सुटते. विट्याच्या जुन्या मागांवर हा काठ रोज शेकडो मीटर निघत आला. मामांना मी जपानी सेल्व्हेज जीन्सची किंमत सांगितली, तर ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “काठाला एवढं? कापडाला किती मग?”

तर जीन्सची मोहरी उलटी करून बाहेरच्या बाजूची शिवण बघा. दोन बांधीव काठ समोरासमोर उघडे पडलेले दिसले, बहुतेकदा त्यांच्यात एक रंगीत धागा दिसला, तर ते धोट्याचं कापड. ओव्हरलॉकचा जाळीदार दोरा दिसला तर नाही. लीव्हाइसच्या ५०१ नंबरच्या जीन्सवर हा काठ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होता. आता अनेक कंपन्या तो पुन्हा लावतात, म्हणून काठ एकटा पुरावा नाही. काठ, लाल पट्टी आणि बटणामागचा आकडा यांचा मेळ बसला पाहिजे.

आपल्याकडच्या जुन्या सूटिंगमध्ये काठाचा आणखी एक फायदा. गिरण्या काठावर स्वतःचं नाव विणत किंवा छापत. न शिवलेला सूटपीस विकायला आला तर काठाचा फोटो मागा. शिवलेल्या कोटातही कधीकधी आतल्या मायेत, म्हणजे शिवणीत सोडलेल्या जादा कापडात, ते नाव सापडतं. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचं नाव काठावर असेल तर कापडाचं वय बरंचसं कळतं. कानपूरच्या लाल इमलीची लोकर, पंजाबातल्या धारीवालची लोकर, जामनगरचं डिगजॅम, ही नावं आजही घराघरांतल्या ट्रंकेत आहेत. परदेशी लेबलांच्या मागे लागलेल्यांना ती दिसत नाहीत, म्हणून तिथे भाव अजून माणसात आहेत. मला विचाराल तर नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

मद्रास चेक्सची गंमत सांगतो आणि पुढे जातो. १९५८ च्या सुमारास मद्रासचं कच्च्या रंगाचं कापड अमेरिकेत ब्रुक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीने विकलं, शर्ट धुतल्यावर रंग सुटले, लोक भांडायला आले. त्यावर ‘हा रंग सुटणारच, याची हमी’ अशी जाहिरात झाली आणि दोषाचाच गुण ठरला. तेव्हा जुन्या अमेरिकी मद्रास शर्टाचे रंग एकमेकांत मिसळलेले दिसले तर तो डाग नाही. आमच्या आईने मात्र असला शर्ट बादलीत बघून मला जे ऐकवलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

जुने काळे कॉटन टी-शर्ट घेताना सावध राहा. गंधकाच्या काळ्या रंगात रंगवलेलं सूत वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलं की रंगातून आम्ल तयार होतं आणि धागा कुजतो. कपडा फोटोत झकास दिसतो आणि अंगात घालताना कागदासारखा फाटतो. विकणाऱ्याला बाहीची कड हलकेच ताणून दाखवणारा व्हिडिओ मागा. बाहीला आणि खाली एकेरी टाका आहे म्हणून टी-शर्ट १९९० च्या दशकाच्या मध्याआधीचा, हा नियम पूर्वी चालायचा. आता नक्कल करणारेही एकेरी टाकाच घालतात, वर छापलेल्या चित्राला मुद्दाम भेगा पाडतात. बँडच्या टी-शर्टच्या वाटेला नवख्याने जाऊच नये.

६. तिसरा साक्षीदार: शिवण

शिवण फोटोतून वाचणं अवघड आहे, पण हा साक्षीदार सहसा खोटं बोलत नाही. लेबल बदलता येतं, अख्खा कोट उसवून पुन्हा शिवायला कुणी बसत नाही.

कोटाच्या छातीत कापड आणि अस्तर यांच्यामध्ये बक्रम, म्हणजे आकार धरून ठेवणारा ताठ कापडाचा थर असतो. जुन्या चांगल्या कोटात ते टाक्यांनी धरलेलं आणि सुटं असतं, स्वस्त कोटात चिकटवलेलं. कोट हातात असेल तर खालच्या काजाजवळ चिमटीत पुढचं कापड आणि मागचं कापड वेगळं ओढून बघा. मध्ये तिसरा थर सरकताना जाणवला तर बक्रम सुटं. ऑनलाइन हे जमत नाही, म्हणून विकणाऱ्याला ही चिमूट व्हिडिओत करून दाखवायला सांगा. चिकटवलेलं बक्रम जुनं झालं की डिंक सुटतो आणि लेपलवर, म्हणजे कोटाच्या छातीवरच्या दुमडलेल्या पट्टीवर, फुगे येतात. ते फुगे जात नाहीत. इस्त्रीवाला म्हणेल जातील, नाही जात.

काज आतून बघा. हाताचं काज आतून जरा वेडंवाकडं असतं, यंत्राचं दोन्ही बाजूंनी सारखं.

आणि आतला खिसा. लंडनच्या सॅव्हिल रो परंपरेतले शिंपी आतल्या खिशात एक लेबल शिवतात, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख हाताने लिहिलेली असते. दोन वर्षांपूर्वी ईशान्येकडच्या एका मुलाने एक राखाडी लोकरीचा कोट टाकला होता, लेबल नाही म्हणून बावीसशेला. मी सवयीने आतला खिसा उलटा करून मागितला. तो म्हणाला, “अंदर कुछ पुराना कपड़ा सिला है, निकाल दूँ?” मी जवळजवळ ओरडलोच, हात लावू नको! फोटो आला. शाई फिकी पडलेली, कुणा साहेबाचं नाव आणि ‘१९६७’. कापड, बक्रम, काज सगळं त्या सालाशी जुळत होतं. खणभागातल्या आमच्या टेलरकाकांनी बाजूची शिवण उसवली तर आत दीड इंच माया. काका म्हणाले, “ह्या शिंप्याला गिऱ्हाईक जाड होणार हे माहीत होतं.” माया सोडली आणि कोट मला बसला.

७. माप: आकडा विसरा, टेप लावा

लेबलावरच्या ‘४०’ ला काही अर्थ नाही. जुने कपडे आजच्या त्याच नंबरापेक्षा बहुधा लहान निघतात, त्यात कितीदा धुतलेत कुणास ठाऊक. विकणाऱ्याकडून कपडा सपाट ठेवून घेतलेली मापं मागा आणि वहीतल्या तुमच्या कपड्याशी ताडून बघा. अंगाची मापं पाठवून “मला बसेल का?” असं विचारू नका. उत्तर नेहमी “हो” असतं.

शर्ट-कोटाला: खांदा, काखेपासून काखेपर्यंत छाती, बाही, मागची लांबी. पँटला: कंबर, आसन (कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची), मांडी, आतली लांबी, मोहरी.

काय बदलता येतं ते आपल्या शिंप्याला आधी विचारा. साधारणपणे कंबर आत घेता येते, मायेइतकी सोडता येते, बाहीची लांबी थोडी बदलते. खांदा बदलत नाही. खांदा एक इंचाने जरी मोठा असला तरी तो कोट तुमचा नाही, कितीही स्वस्त असो. पँटचं आसनही तसंच. जुन्या पँटी उंच आसनाच्या असतात, बेंबीजवळ घालायच्या. आजच्यासारख्या खाली ओढून घातल्या की विजार वाटते, मग दोष पँटला.

८. किंमत ठरवताना

लोक मागितलेल्या किमती बघून भाव ठरवतात, तिथेच चुकतात. कुणीही काहीही मागेल. ईबेवर ‘विकले गेलेले’ अशी गाळणी लावता येते, ती लावून तोच कपडा, तीच अवस्था, शेवटचे आठ-दहा सौदे बघा आणि वरचा-खालचा टोकाचा आकडा सोडून द्या. ते भाव परदेशी गिऱ्हाइकांचे असतात, आपल्याकडे त्याहून कमीच धरा.

मग खर्च जोडा. माझा एक सौदा देतो. ट्वीडचा कोट अठराशेला. कुरिअर दीडशे. ड्रायक्लीन चारशे. अस्तर काखेत फाटलेलं, ते बदलायला टेलरकाकांनी नऊशे घेतले. दोन बटणं जुनी शोधून सव्वाशे. अठराशेचा कोट तेहेतीसशे पंचाहत्तरला पडला. तेवढ्यात चांगल्या अस्तराचा दुसरा आला असता.

वरून आपली हवा. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. जाड ट्वीड इथे वर्षातून पंधरा दिवस घालता येतं, तेही पहाटे आयर्विन पुलावर फिरायला गेलात तर. सुती, लिननचे आणि हलक्या लोकरीचे जुने कपडे जास्त अंगाला लागतात.

कुठल्या दोषाने किती भाव पडतो, हे शेवटी अनुभवाने कळतं, तरी माझा ठोकताळा असा: सुटलेली शिवण, गेलेलं बटण, लहान रफू यांना घाबरू नका, भाव पाडायला वापरा. कसर, कुजलेलं कापड, लेपलवरचे फुगे आणि काखेतला घामाने पिवळा-कडक झालेला भाग असेल तर फुकटही नको.

९. पैसे आणि पार्सल

अनोळखी विकणाऱ्याकडून पहिला सौदा लहान करा, हजाराच्या आतला. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. “रिफंड पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका,” असं कुणी म्हटलं की तो चोर. पैसे असे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी. दुकानदाराने दाखवला एक माल आणि पाठवला दुसरा, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पार्सल उघडताना एकसंध व्हिडिओ काढा. सुरुवात बंद पाकिटावरच्या पत्त्यापासून करा, मध्ये थांबवू नका. मी एकदा आळस केला. निळ्या ब्लेझरऐवजी दुसराच कळकट ब्लेझर आला आणि “तुम्हीच बदलला असेल,” असं मलाच ऐकून घ्यावं लागलं. वर ‘नो रिटर्न’ ची पाटी दाखवली.

१०. घरी आल्यावर

लगेच घालू नका आणि लगेच धुऊ नका. आधी भिंग घेऊन तिन्ही साक्षीदारांची पुन्हा तपासणी. शंका असेल तर आतल्या मायेतला एकच धागा चिमट्याने काढून काडीवर जाळा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. अंधारात जांभळी टॉर्च मारा. नव्या दोऱ्याचा टाका निळसर पांढरा चमकतो आणि नंतर केलेली दुरुस्ती किंवा लावलेलं लेबल उघडं पडतं. मात्र आजकालच्या साबणाने धुतलेला जुना कपडाही चमकतो, म्हणून अख्खा कपडा चमकला तर घाबरू नका. एकच शिवण वेगळी चमकली तर बघा.

मग दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर. लोकरीला कसरीची शंका असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठ-दहा दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवतात. आमच्याकडे फ्रीजर आईस्क्रीमसाठी असतो, त्यामुळे मी कोट चुलतभावाच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये ठेवतो. गिऱ्हाईक विचारतात.

ठेवायची जागा उंच बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात आमच्या मावशीच्या घरात शिरलं, तेव्हा खालच्या ट्रंकेतल्या काकांच्या दोन सफारी आणि लग्नातला सूट चार दिवस पाण्यात होता. टेरिकॉटच्या सफारी धुऊन जशाच्या तशा निघाल्या. लोकरीच्या सूटच्या बक्रमाला आजही पावसाळ्यात वास येतो. माझे कोट आता माळ्यावर असतात, सुती पिशवीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, आणि दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सगळे एकदा गच्चीवर येतात.